पाचला पहिला बाक

आमच्या घरात 'बाई' म्हटलं की आत्या. बाबांची थोरली बहीण. तिने लग्न केलं नाही, शाळा केली. सव्वीस वर्षं चौथी 'अ'. आमच्या रस्त्यावर जो कोणी तिला बघून सायकलवरून खाली उतरतो, तो कधीतरी तिच्या हाताखालून गेलेला असतो. बँकेतला कॅशियर तर अजूनही तिची स्लिप उभा राहून घेतो आणि तिने "बस" म्हटल्याशिवाय बसत नाही.

या वर्षी माझी धाकटी बहीण टिचकी चौथीत गेली. टिचकी हे तिचं नाव नाही, आकारमान आहे. आत्याने तिच्यासाठी पहिल्या बाकावरची खिडकीकडची जागा मनात धरून ठेवली होती. पण हेडसरांनी चिठ्ठ्या टाकून तुकड्या पाडल्या आणि टिचकीची चिठ्ठी निघाली 'ब'ची. 'ब'ला नव्या बाई आल्या होत्या. वय वर्षं सव्वीस, म्हणजे आत्याच्या नोकरीएवढं.

पहिल्याच संध्याकाळी जेवताना टिचकी म्हणाली, "बाई म्हणाल्या, उद्या घरून गोट्या आणा."

आत्याचा घास हातातच राहिला. "मी कधी म्हणाले?"

"तू नाही गं. बाई."

त्या वेळी आत्याच्या पोटात जे काही गेलं ते अजून पचलेलं नाही.

शाळेत पोरांनी आठवड्याच्या आत दोघींचं बारसं उरकलं. मोठ्या बाई आणि छोट्या बाई. यातलं मोठेपण कशाचं, हे आत्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आणि नशीब असं, की चौथी 'अ' आणि चौथी 'ब' हे मुळात एकच लांब दालन. मधे लाकडी पार्टिशन. त्याच्या फळ्या इतक्या सुकल्यात की पलीकडे कुणी पेन्सिलीला टोक केलं तरी अलीकडे ऐकू येतं.

माझं हायस्कूल त्याच आवारात, पण सकाळचं. साडेबाराला सुटले की मी आत्याच्या वर्गात शेवटच्या बाकावर डबा खाते आणि पुढे तिथेच बसून गृहपाठ केल्याचं दाखवते. खरं काम कानांचं चालू असतं. घरात मला पोपट म्हणतात. कुणाचाही आवाज दोनदा कानावरून गेला की तिसऱ्यांदा माझ्या तोंडून निघतो. हेडसर प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरून "त्याचं असं आहे" म्हणतात आणि मग ते कसं आहे ते शेवटपर्यंत सांगत नाहीत. ते मी इतकं हुबेहूब करते की एकदा शिपाईकाका बंद दाराबाहेरून "हो सर" म्हणून निघून गेले होते.

आत्याचा आवाज काढायला सगळ्यात सोपा. दोन बोटांनी नाक धरायचं. तिचं नाक माझ्या जन्माआधीपासून बंद आहे, सायनस. ती म्हणायला जाते 'मुलांनो' आणि बाहेर येतं 'बुलांदो'. वर्गात कुणी हसत नाही. बुलांदो म्हटलं की चाळीस डोकी एकदम वर होतात. शिकवून झालं की ती म्हणते, "कळलं? कळलंच असेल." या दोन वाक्यांच्या मधे मुंगीलाही शिरायला जागा नसते, त्यामुळे कळलं नाही हे सांगायची सोयच नाही.

आता तिच्या पाठाबद्दल सांगते, कारण सगळं रामायण त्यावरून घडलं. वर्षातून एकदा शिक्षण खात्याचे साहेब येतात. त्यांच्यासमोर शाळेतल्या एकाच शिक्षकाने नमुना पाठ द्यायचा असतो. एकोणीस वर्षं तो मान आत्याचा. विषयही एकोणीस वर्षं तोच: पदार्थ हा अतिसूक्ष्म कणांचा बनलेला असतो. 'अतिसूक्ष्म' म्हणताना ती चिमूट अशी दाबते की बघणाऱ्याच्या बोटांना कळ लागावी.

पाठाचं साहित्य म्हणजे जाड निळ्या काचेची एक सेंटची बाटली. वर्षभर कुलपात. पाठाच्या दिवशी ती टेबलावर येते, आत्या काचेचं बूच काढते आणि घड्याळाकडे बघते. ज्याला वास येईल त्याने हात वर करायचा. आधी पहिल्या बाकाचे हात वर जातात, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. म्हणजे काय, तर बाटलीतले कण निघाले, हवेत इकडेतिकडे आपटत शेवटच्या बाकापर्यंत पोचले, डोळ्यांना दिसले नाहीत पण नाकाला भेटले. आकडे फळ्यावर चढतात, फळ्यावरून लाल पुठ्ठ्याच्या वहीत. पहिला बाक पाच सेकंद, दुसरा दहा, तिसरा पंधरा, असं करत सहावा तीस. दरवर्षी हेच. आत्या वही मिटून म्हणते, "याला शास्त्र म्हणतात. माणसं बदलतात, आकडे बदलत नाहीत."

आणि आता ती गोष्ट, जी 'अ' तुकडीतून गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे आणि एकट्या आत्याला नाही. बाटली रिकामी आहे.

केव्हापासून, कुणाला ठाऊक. मी चौथीत होते, पाच वर्षांपूर्वी, तेव्हाही रिकामीच होती. पाठाच्या आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत पाचवीच्या पोरी येऊन आम्हाला कोपऱ्यात घेऊन सांगून गेल्या होत्या: पाचला पहिला बाक, दहाला दुसरा, मनात मोजायचं, घाई करायची नाही. थोरल्या भावंडांची दप्तरं आणि स्वेटर जसे खाली उतरतात तसं हे उतरत आलंय. कुणाचा खोडसाळपणा नाही त्यात. बाई एवढ्या आशेने बघतात, तर हात वर करायला काय जातंय? आत्याला स्वतःला वास यायचा प्रश्नच नाही, आणि काच इतकी जाड की आत काय आहे दिसत नाही. आणि दरवर्षीचे साहेब? ते भिंतीशी खुर्चीवर बसतात, तिसाव्या सेकंदानंतर डोळे मिटून एक लांब श्वास घेतात आणि "वा" म्हणतात.

तर अशा राज्यात छोट्या बाई आल्या.

गोट्या आल्या त्या दिवशी त्यांनी काचेचा ग्लास गोट्यांनी काठोकाठ भरला आणि विचारलं, भरला का? पोरं म्हणाली, भरला. त्यांनी त्यात मूठभर वाळू ओतली, मावली. आता भरला? आता भरला. मग वाटीभर पाणी ओतलं, तेही मावलं. पार्टिशनच्या पलीकडे असा आवाज झाला की जणू कुणी गोल केला. आमच्या वर्गातली चाळीस पोरं, झाडं जशी उजेडाकडे झुकतात तशी, डावीकडे झुकली. आत्याने खडू फळ्यावर इतका दाबला की तुटला.

दुसऱ्या दिवशी पाण्यात साखर विरघळवून चव घेतली. तिसऱ्या दिवशी बिनसुईच्या सिरिंजा: हवा भरून तोंडावर अंगठा दाबला की दांडा आत जातो, पाणी भरलं की काही केल्या जात नाही. चौथ्या दिवशी पोरंच कण झाली. खडूने चौकोन आखला. हात घट्ट धरून जागच्या जागी थरथरायचं, हा स्थायू. हात सोडून एकमेकांना घासत सरकायचं, हा द्रव. मग छोट्या बाई म्हणाल्या, आता वायू, आणि त्यांनी दार उघडलं. वायू थेट चौथी 'अ'मध्ये शिरला. आत्याने त्यातले दोन कण कान धरून परत पाठवले.

प्रत्येक प्रयोगाआधी छोट्या बाईंचं एक वाक्य ठरलेलं. "बघू या का?" हळू, शेवट किंचित वर, आणि मग गप्प. खरंच उत्तराची वाट बघत असल्यासारख्या गप्प. हा आवाज मला दोन दिवसांत जमला, पण ते गप्प राहणं जमायला आठवडा गेला.

आत्या वरवर म्हणायची, मला काय करायचंय पलीकडे काय चाललंय. पार्टिशनच्या सगळ्यात रुंद फटीवर तिने स्वतः मानवी पचनसंस्थेचा तक्ता ठोकला होता. चार दिवसांनी तो तक्ता दोन बोटं सरकलेला दिसला. आणि संध्याकाळी घरी हातपाय धुऊन झाले की हळूच, "पोपट, आज काय झालं गं तिकडे? मला नीट ऐकू आलं नाही," असं व्हायचं. मग मी पदार्थविज्ञानाचा पाठ पहिल्यापासून शेवटपर्यंत करून दाखवायचे, छोट्या बाईंच्या आवाजात, मधे पोरांचे आवाज घालून. आत्या हात बांधून ऐकायची, एक भुवई वर. "चार दिवस झाले, 'कण' शब्द उच्चारला नाही तिने. व्याख्या नाही, वहीत लिहून देणं नाही. ही काय शाळा आहे की जत्रा?" आणि मग थोडं थांबून, "ते सिरिंजचं परत कर बरं."

मला याची चटक लागली होती हे कबूल करते. जितकं चांगलं करावं तितका आत्याचा चेहरा लाल. मी तर एकदोन ठिकाणी पोरांचं हसू मुळापेक्षा वाढवूनसुद्धा घेतलं.

एका सकाळी मी चहा करायला स्वयंपाकघरात गेले तर आत्या नळाशी उभी. एका हातात औषधाच्या दुकानातली सिरिंज, तोंडावर अंगठा, आणि दुसऱ्या हाताने ती दांडा असा दाबत होती की कपाळावर शीर आली होती. मला बघून म्हणाली, "नळ गळतोय." नळ गळत नव्हता. आत्याच्या बाहीतून पाणी गळत होतं.

सगळ्यात जास्त तिला झोंबायची टिचकी. टिचकीला छोट्या बाईंनी एक नियम घालून दिला होता: जे दिसलं ते सांगायचं, जे दिसायला हवं होतं ते नाही. टिचकी हा नियम घरात लावत सुटली. बाबा म्हणाले, भाजी छान झालीय, तर ही म्हणाली, तुम्ही अजून खाल्लीच नाहीये. आत्या तिला जवळ घेऊन विचारायची, माझा वर्ग चांगला की त्यांचा? टिचकी गंभीरपणे म्हणायची, "तुझ्या वर्गात मी बसलेच नाही, मला कसं कळणार?" आत्या मग उगाच कपाट आवरायला जायची.

मग हेडसरांनी दोघींना बोलावलं. आत्या परत आली ती पांढरी पडून. मला निरोप हेडसरांच्या आवाजात ऐकवायची सवय, पण त्या दिवशी तिनेच तो कोरडा सांगितला. पाठ मोठ्या बाईच देतील, पण या वेळी मोठ्या हॉलमध्ये, आणि समोर दोन्ही तुकड्या बसतील. पुढच्या वर्षीपासून हा पाठ कुणाकडे द्यायचा ते पाठ बघून साहेब ठरवतील.

"एकोणीस वर्षं," आत्या म्हणाली. "त्या पोरीने एकोणीस आठवडे नाही काढले अजून." मग माझ्याकडे वळली. "पोपट, वेळ तू सांगायची. तुझा आवाज खणखणीत आहे. दर पाच सेकंदांनी."

मी हो म्हटलं आणि तो हॉल डोळ्यांसमोर मांडून पाहिला. डाव्या हाताला 'अ', त्यांना मोजणी पाठ. उजव्या हाताला 'ब', त्यांना वास आला तरच हात वर करायची शिकवण. आणि पहिल्या बाकावर आमचीच टिचकी.

आत्याला सांगून टाकावं असं मला तीनदा वाटलं. पण सांगायचं म्हणजे आधी हे सांगायला हवं, की नऊ वर्षांची असताना मीही खोटा हात वर केला होता, आणि त्याबद्दल तिने माझ्या वहीत चांदणी चिकटवली होती. शिवाय एवढे दिवस मी जी मजा लुटली, तिचं काय? चोराच्या मनात चांदणं. आईची सेंटची बाटली घेऊन गुपचूप त्यात ओतावी असंही मनात आलं, पण कपाटाची किल्ली आत्याच्या गळ्यात.

पाठाच्या सकाळी टिचकीच्या वेण्या घालता घालता मी तिला मोजणी सांगितली. पाच म्हटलं की हात वर.

"आणि वास नाही आला तर?"

"येतच नाही. हात वर करायचा."

"मग आत्या विचारेल ना, कसला वास आला."

"नाही विचारत."

"आमच्या बाई विचारतात," टिचकी म्हणाली, आणि मी वेणी जरा जास्तच आवळली.

हॉलमध्ये सहा रांगा लावल्या होत्या. भिंतीशी साहेब, शेजारी हेडसर, आणि एका कडेला उभ्या छोट्या बाई. आत्याने नवा स्वेटर घातला होता. बुलांदो म्हणाली, 'अ'ची डोकी वर झाली, 'ब'च्या दोघातिघांनी एकमेकांना कोपर मारलं. मग तिने निळी बाटली टेबलावर ठेवली, बूच काढलं, मला मान हलवून खूण केली.

मी म्हटलं, "पाच."

डावीकडच्या पहिल्या बाकाचे हात सपकन वर. उजवीकडे टिचकीचा हात निघाला, कानापर्यंत आला, तिथे त्याने कान खाजवला आणि खाली गेला.

"दहा." डावीकडे दुसरा बाक. "पंधरा." तिसरा. माझ्या लक्षात यायला लागलं की मी वेळ सांगत नाहीये, हुकूम देतेय. "तीस" म्हणेपर्यंत डावी बाजू म्हणजे हातांचं रान, आणि उजवी बाजू म्हणजे सपाट मैदान. 'ब'ची पोरं माना पुढे काढून, डोळे मिटून, मनापासून हुंगत होती. एकाचा तर फुर्रर्र असा आवाज येत होता.

आत्याने आधी उजवीकडे पाहिलं, मग छोट्या बाईंकडे. त्या नजरेत सगळं होतं, गोट्यांपासून वायूपर्यंत. तरी आवाज गोड ठेवून तिने टिचकीला उभं केलं. "तुला आला ना वास?"

टिचकीने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

"नाही आला."

"सर्दी झालीय का तुला?"

"सर्दी तुला आहे," टिचकी म्हणाली.

शाळेत आत्याला तिने 'तू' म्हटलं होतं, साहेबांसमोर. आत्याचे कान लाल झाले. ती छोट्या बाईंकडे वळली. "यांना काही शिकवून पाठवलंय का?"

"हो," छोट्या बाई म्हणाल्या. "वास आला तरच हात वर करायचा. एवढंच."

आत्याने मग तेच केलं जे एकोणीस वर्षांत केलं नव्हतं. 'अ'च्या पहिल्या बाकावरच्या मुलाला विचारलं, कसला वास आला? तो म्हणाला, गुलाबाचा. दुसऱ्या बाकावरची मुलगी म्हणाली, लिंबाचा. तिसऱ्या बाकावरच्या मुलाने दोघांकडे पाहिलं, तोंड उघडलं, मिटलं, आणि त्याला रडूच फुटलं. "बाई, मी तिसऱ्या बाकावर आहे म्हणून पंधराला केला."

हेडसरांनी घसा खाकरला, पण त्याचं कसं आहे ते त्यांनाही सांगता येईना.

आत्या बाटलीकडे बघत होती. मग तिने ती उचलली, नाकाशी नेली, आणि अर्ध्यात थांबली. आपल्या नाकाचा काय उपयोग हे तिला तिथे आठवलं असावं. ती चार पावलं चालत गेली आणि बाटली छोट्या बाईंपुढे धरली.

छोट्या बाईंनी वास घेतला. बराच वेळ घेतला. माझ्या मनात आलं, ही नुसतं 'येतोय की' म्हणाली तरी निभावून जाईल, आणि हसली तर आत्या संपली. त्यांनी दोन्ही केलं नाही.

"नाही, बाई. संपलंय," त्या म्हणाल्या. आणि मग, आत्यालाच, एखाद्या मैत्रिणीला विचारावं तसं, "पण बूच तर घट्ट होतं. मग गेलं कुठे?"

आणि गप्प राहिल्या. तेच ते गप्प राहणं.

आत्याने बाटली त्यांच्या हातातून अशी काढून घेतली की काढून घेतली म्हणण्यापेक्षा हिसकावली म्हणावं. "पाठ माझा आहे. तुम्ही बसा."

छोट्या बाई बसल्या. आत्या टेबलाशी आली. तिचे हात थरथरत होते, स्थायूसारखे, जागच्या जागी. "बुलांदो," ती म्हणाली, "या बाटलीत सेंट होतं. मी स्वतः आणलं होतं. कुणी सांडलं नाही, कुणी लावलं नाही. गेलं कुठे?"

'अ' तुकडी पुढची मोजणी कुणी सांगतंय का याची वाट बघत होती. मग ते रडणारं पोरगं नाक पुसत म्हणालं, पंख्यात गेलं असेल. एकजण म्हणाला, खिडकीतून. एक म्हणाली, बुचाच्या फटीतून थोडं थोडं, म्हणून आपल्याला कळलं नाही. बाकाबिकाची रांग कुणी पाळेना, जो तो बोलायला लागला. टिचकी बाकावर उभी राहून म्हणाली, "बाटली कुठे ठेवतेस तू?"

"कपाटात. या वहीला टेकून."

"मग वहीचा वास घ्या."

लाल पुठ्ठ्याची वही हॉलभर फिरली. ऐंशी नाकं. निम्म्यांना वास आला, निम्म्यांना नाही, आणि दोन्ही पार्ट्या एकमेकांना खोटारडे म्हणायला लागल्या. वही भिंतीशी पोचली तेव्हा साहेबांनी सवयीने डोळे मिटले, लांब श्वास घेतला, आणि मग डोळे उघडून म्हणाले, "मला नाही आला."

त्यांच्यानंतर वही छोट्या बाईंकडे गेली. त्यांनी हुंगली, आणि मग हुंगायची सोडून वाचायलाच लागल्या. पाठ सुटल्यावर वही परत देताना त्या हळूच म्हणाल्या, "ही पहिली पानं कुणी लिहिलीत, बाई?"

"मीच."

"किती छान आहेत."

साहेबांचा शेरा शाळा सुटता सुटता आला. पाठ वेळेत संपला नाही. मुलं फार बोलली. पुढच्या वर्षी हाच पाठ दोन्ही शिक्षिकांनी मिळून द्यावा.

"मिळून," आत्या घरी येईपर्यंत दर वीस पावलांनी म्हणत होती. "मिळून म्हणजे काय? हात धरून की सुटं सुटं?"

घरी आल्यावर तिने स्वेटरही काढला नाही. लाल वही घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली आणि मला समोर बसवलं. "तुझ्या वर्षी होता ना वास?"

खोटं बोलायला तोंड उघडलं होतं मी. हेडसरांचा आवाज काढून विषय हसण्यावारी न्यावा, असंही सुचलं होतं. "नव्हता," मी माझ्याच आवाजात म्हटलं.

"तू दुसऱ्या बाकावर होतीस आणि हात पंधराला वर केलास," आत्या म्हणाली. "मला वाटलं, माझ्यासारखं नाक आलं पोरीला. किती वाईट वाटलं होतं मला."

मोजणीत चुकले होते मी. पाच वर्षं तिने ते लक्षात ठेवलं होतं.

मग ती वही पहिल्या पानापासून उलगडायला लागली. मी इतकी वर्षं फक्त शेवटची पानं पाहिली होती. पहिल्या पानावर अक्षर आत्याचंच, पण पळणारं, वाकडंतिकडं. पहिला बाक बावीस सेकंद. दुसरा एकेचाळीस. चौथा तिसऱ्याच्या आधी, आणि पुढे कंसात 'खिडकी?'. सहावा: आलाच नाही. दुसऱ्या वर्षी सगळे आकडे निराळे, 'पंखा बंद करून बघणे'. तिसऱ्या वर्षी 'मागून पुढे का आला?', खाली दोन रेघा. सहा वर्षं हा गोंधळ, पानभर प्रश्नचिन्हं. सातव्या वर्षी एकदम पाच, दहा, पंधरा, वीस. त्याच्या पुढे तिने लाल पेनाने लिहिलं होतं: या वर्षी पाठ उत्तम झाला.

"म्हणजे या वर्षी संपलं," आत्या त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली. मग एकदम फणकारली. "आणि तिला आवडली कुठली पानं, तर ही पहिली. पुढच्या बारा-तेरा वर्षांबद्दल अक्षर नाही. तेव्हाच्या त्या बाईला काय येत होतं? व्याख्यासुद्धा पाठ नव्हती तिला."

"अगं, ती तूच ना," मी म्हटलं.

"असेन," आत्या म्हणाली. स्वतःवरच जळणारं माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आणि ते दुसऱ्यावर जळण्यापेक्षा बरंच जास्त पेटतं.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "पोपट, तिचं ते वाक्य कर बरं. गेलं कुठे, ते."

मी केलं. "पण बूच तर घट्ट होतं. मग गेलं कुठे?"

"परत."

मी परत केलं. तिने डोळे मिटून घेतले होते. तिसऱ्यांदा केल्यावर म्हणाली, "हं. वाक्यात काही नाहीये. ती नंतर थांबते. मी थांबत नाही."

टिचकी टेबलाखाली बसून एक गोटी वाटीत फिरवत होती. आत्याने तिला वर ओढून काढलं, समोर बसवलं आणि बाटली मधे ठेवली. मग बाटलीतून कण कसे निघाले असतील, बुचाच्या फटीतून एकेक करून वहीत आणि भिंतीत आणि कुठे कुठे कसे गेले असतील, हे सगळं नीट समजावून सांगितलं, चिमूट दाबून वगैरे. शेवटी म्हणाली, "कळलं?"

आणि थांबली. ओठ 'क'वर आले होते. पुढचे दोन शब्द तिने गिळले ते मला गळ्यात दिसले. घड्याळाकडे बघून मी मनात मोजत होते. पाच. दहा. पंधरा.

"नाही," टिचकी म्हणाली.

आत्याने खुर्ची पुढे ओढली. "काय नाही कळलं?"